उसनी साक्ष

तलास खोरं
२१ मे २००५

प्रिय कोर्नी,

पाकिटावर माझ्या पपांचं नाव नाही, म्हणून कदाचित तू हे उघडशील. त्यांची तीन पत्रं न उघडता परत आली होती. पोस्टातल्या बाईनं तिन्ही वेळा ती माझ्याच हातात ठेवली, आणि तिन्ही वेळा मी ती पपांच्या ताटाशेजारी ठेवली. यापुढे तुला तो त्रास नाही. पपा गेले. एप्रिलच्या बारा तारखेला, दुपारच्या कॉफीनंतर, खिडकीतून जर्दाळूचा बहर गळताना बघत बघत. एकोणऐंशीवं चालू होतं. फार हाल झाले नाहीत. इथं भेटीला आलेली लीडा विबे परवा विमानानं जर्मनीला परत येतेय, तिच्या हातीच हे पत्र देतेय. पोस्टावर आता माझा विश्वास नाही आणि माझ्यावर माझा त्याहून कमी. उद्यापर्यंत ठेवलं तर मीच फाडून टाकीन.

तेरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. पण तुझी एक ओळ मला वर्षातून दोनदा मिळते, हे तुला माहीत नसेल. तुझ्या गेरहार्टची युस्टिना नाताळला आणि ईस्टरला न चुकता लिहिते. भावजय म्हणून ती तुझ्या वाटेला जात नसेल, पण तिच्या पत्रात तुझ्याबद्दल एक वाक्य असतंच. ते मी आधी शोधून काढते, मग पत्र वरून वाचायला लागते. या वयात हे सांगायला लाज वाटायला हवी, वाटत नाही. कोर्नीला ट्रकचं काम लागलं. कोर्नीनं लग्न केलं. कोर्नीला दुसरीही मुलगीच. लग्नाचं वाक्य आलं तो शनिवार होता. भट्टीत रविवारचे पाव होते, आपले नेहमीचे, डोक्यावर छोटा पाव बसवलेले. सगळेच्या सगळे करपले. पपांनी करपलेला पाव कॉफीत बुडवला आणि म्हणाले, "आज चांगले खरपूस झालेत." दुसरं काही विचारलं नाही. शाळेत मी अजून जर्मन शिकवते. वर्गात आता एकही जर्मन मूल नाही, सगळी किर्गिझ, आणि तुझ्या नि माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात.

तुझ्या वाक्याच्या मागोमाग युस्टिनाच्या पत्रात आणखी एक वाक्य असतं, तेही तेरा वर्षं तेच: 'तो अजून आमच्याकडे येत नाही.' एका गावात राहता, एकाच दुकानातून पाव घेता, आणि सख्खा भाऊ समोरून आला की तू रस्ता ओलांडतोस. तुझ्या आईला, सुझाना काकूंना, मातीत ठेवताना तू खड्ड्याच्या एका बाजूला आणि गेरहार्ट दुसऱ्या बाजूला उभा होता म्हणे, आणि मूठभर माती टाकून तू तसाच निघून गेलास. यंदाच्या ईस्टरच्या पत्रात मात्र तिनं त्याच्या दुखण्याचं लिहिलंय. स्वादुपिंडाचं आहे. डॉक्टर जूनच्या पुढचं काही बोलायला तयार नाहीत. हे तुला कुणी सांगितलं असेलच. नसेल सांगितलं, तर आता मी सांगितलं.

मी ते पत्र वाचून जिल्ह्याच्या गावी पोस्टात गेले आणि तुला फोन लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, अगदी तुझ्यासारखा घाईतला. "पप्पा अंघोळीला गेलेत, कोण बोलतंय?" मी लगेच फोन ठेवला. बाहेर बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाल्ल्या आणि बसनं घरी आले. तेव्हा आता कागदच बरा.

पपांच्या अंत्यविधीचं सांगते, ते तुला ऐकावंसं वाटेल. आपल्या प्रार्थनेच्या मंडळीत आता एकवीस माणसं, त्यात जर्मन चार. बाकीची घरं तुम्ही गेलात त्याच दोन वर्षांत रिकामी झाली. कुत्री तेवढी मागं राहिली, कितीतरी दिवस फाटकापाशी बसून असायची. आता त्या घरांतून किर्गिझ कुटुंबं राहतात आणि सगळ्या शिवारात राजमा लावलाय. पपांसाठी खड्डा खणला तो शेजारच्या मशिदीतल्या लोकांनी. मुल्लाच्या घरून मेंढी आली, तळलेल्या कणकेच्या बोर्सोकांची परात आली. बायका मला धरून त्यांच्या रीतीनं मोठ्यानं रडल्या. आपल्याकडे असं रडत नाहीत, विश्वासात कमी पडल्यासारखं दिसतं, पण मी त्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं. फार बरं वाटलं. प्रार्थना जिर्गलनं केली. पपांच्या जागी तो आता आपला पाळक आहे. तू त्याला शेवटचा पाहिलास तेव्हा तो तुमच्या कुंपणावरून जर्दाळू चोरायचा.

जिर्गल पाटावर पाण्याच्या पाळ्या लावतो. त्याच्या आधीच्या माणसाला दरवर्षी फावड्यानं मार खावा लागायचा, याच्या अंगाला आजवर कुणी हात लावलेला नाही, कारण त्याच्या स्वतःच्या शेताची पाळी सगळ्यात शेवटी. पपा म्हणायचे, पुढारी निवडायचा असेल तर प्रवचन ऐकू नका, त्याच्या शेताला पाणी कधी मिळतं ते बघा. निवडीला नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. एकवीस चिठ्ठ्या. विसांवर जिर्गल, आणि एकीवर 'जिर्गल सोडून कोणीही'. अक्षर त्याचंच होतं. पपा तेव्हा अंथरुणावर होते. चिठ्ठीचं ऐकून त्यांना हसू आलं आणि मग खोकला.

एकदा आमच्या अंगणात चहा पिताना पपा त्याला समजावत होते, की मेंढपाळ कळपाच्या पुढे चालतो, पहिला काटा त्याच्या पायात जावा म्हणून. जिर्गलनं कप खाली ठेवला. "अक्साकाल, तुम्ही एवढे वडीलधारे, पण आयुष्यात कधी मेंढ्या वळल्यात का हो? आमचा आजा मागून चालायचा. लंगडी मेंढी पुढे थोडीच असते?" पपांनी दाढी कुरवाळली. पुढच्या रविवारी त्यांनी त्यावरच प्रवचन केलं आणि भर सभेत सांगितलं की हे मला पाणीवाल्यानं शिकवलं. हे आमचे पपा, कोर्नी! मुलांना पवित्र शास्त्र शिकवल्याबद्दल तीन वर्षं तुरुंगात काढून आले तरी ज्यांचा स्वल्पविराम कुणी बदलू शकलं नव्हतं, ते पपा.

तू त्यांना ओळखतोस ते जुने पपा. म्हणून आता ब्याण्णवच्या सप्टेंबरवर येते. तुला आठवण करून द्यायची गरज नाही, मलाच ते एकदा क्रमानं लिहून काढायचं आहे. आपल्यात बाप्तिस्मा मागणाऱ्यानं सभेपुढं उभं राहून साक्ष द्यायची, आपलं तारण कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी झालं ते सांगायचं. सतरा वर्षांचे झाले की सगळे एकेक करून उभे राहायचे, आणि प्रत्येकाला काही ना काही झालेलं असायचं. तुला काहीच झालं नव्हतं. मग तू कारागांड्याच्या इसाक मामांची साक्ष उसनी घेतलीस. मामा घोड्यावरून खिंडीत बर्फाच्या वादळात सापडले आणि तिथंच देवाला शरण गेले होते, तू घोडा काढून ट्रॅक्टर घातलास. सगळ्या बायका डोक्याचे रुमाल भिजवून रडल्या. त्या वर्षी खिंडीत धड बर्फसुद्धा पडलं नव्हतं, पण ते एकाच्याही ध्यानात आलं नाही. मामांची गोष्ट गेरहार्टनं तुझ्याबरोबरच ऐकली होती, त्यामुळे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानं घरी येऊन तुझ्या पाठीत गुद्दा घातला आणि विषय संपवला.

मला तू सांगितलंस ते दहा वर्षांनी, त्या शेवटच्या उन्हाळ्यात, पाटाच्या कडेला. तुमच्या घरातल्या सगळ्यांचे जर्मनीला जायचे कागद झाले होते. आमच्या पपांनी जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते राहणार म्हणजे मी राहणार, आईमागं त्यांना दुसरं कोण होतं? तू म्हणालास, "तिकडे बस्तान बसलं की दोघांनाही नेतो." मी मान हलवली. माझा विश्वास बसला नव्हता. जी माणसं गेली त्यांच्यापैकी कोण परत आलं होतं? आणि मग पाय पाण्यात सोडून तू ती ट्रॅक्टरची गोष्ट सांगितलीस. मी हसले, तू हसला नाहीस. "तुम्हा सगळ्यांना काहीतरी झालं अगाथा, मलाच काही झालं नाही. पण तुझे पपा प्रार्थना करायला लागले की तिथून उठावंसं वाटत नाही. एवढं पुरत नाही का?" मी तुझ्या ओल्या पायांकडे बघत बसले. देवाघरचं काही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. हे पाय इथून जाणार, एवढंच होतं.

पुढचं साऱ्या गावासमोर झालं. तिकडच्या मंडळीत रुजू व्हायला इथल्या मंडळीचं पत्र लागायचं, आणि ती पत्रं गेरहार्ट लिहायचा, त्याचं अक्षर छापल्यासारखं. सगळ्यांची पत्रं तयार झाली, तुझं नाही. शेवटच्या रविवारी पपा उभे राहिले. 'या भावानं आपल्या विश्वासाची खरी साक्ष देऊन बाप्तिस्मा घेतला' या वाक्याखाली मी सही करू शकत नाही, म्हणाले. खरं काय ते सभेपुढे सांग, आम्ही तुला पुन्हा बाप्तिस्मा देऊ, दोन महिने थांबावं लागेल. तू विचारलंस, "कुणी सांगितलं?" पपा म्हणाले, "मी ऐकलं. निर्णय माझा आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव." तू वळून गेरहार्टकडे बघितलंस. त्यानं मान खाली घातली होती. आदल्याच आठवड्यात घराच्या वाटणीवरून तुमचं वाजलं होतं, त्यामुळे तुला दुसरा पुरावा लागला नाही. मग तू जे बोललास ते माझ्या कानांतून अजून जात नाही. "ज्याला गोष्ट रंगवून सांगता येते त्याचंच तारण होतं का इथं, ओम अब्राम?" पाळकाला म्हणायचं ते आदराचं 'ओम' तेवढं तू तेव्हाही सोडलं नाहीस. दार आपटून गेलास. बुधवारी बस आली, तू गेरहार्टचा पुढे केलेला हात तसाच सोडून चढलास, आणि माझा हात मात्र खिडकीतून बस हलेपर्यंत धरून ठेवलास. निघायच्या आदल्या दिवशी तुझ्या आईनं विहिरीवर पपांना तोंडावर म्हटलं, "माझं पोर देवाच्या दाराबाहेर काढलंस, तुला मरताना पाणी मिळणार नाही." पपांनी तिची बादली भरून दिली. निम्मी मंडळी त्यानंतर त्यांच्याशी नीट बोलली नाही. ज्यानं त्यानं विचारलं, कोण तो चुगलखोर? पपांनी कुणालाही सांगितलं नाही.

ते पत्र नसल्यामुळे तू तिकडे कुठल्याच मंडळीत गेला नाहीस, हे युस्टिनाकडून कळलं. पपांना मी वाचून दाखवलं. त्यानंतर प्रभुभोजनाच्या वेळी ते सगळ्यांना भाकर मोडून द्यायचे आणि स्वतःचा तुकडा ताटात तसाच ठेवायचे. भांडी मी धुते, त्यामुळे मला दिसायचं. ज्या भावाचं आपल्याबद्दल काही म्हणणं आहे त्याच्याशी आधी समेट कर, मग अर्पण कर, असं त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. नव्व्याण्णव साली जिर्गलचा बाप्तिस्मा होता. तो नदीकाठी उभा राहिला आणि म्हणाला, "मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. मी आपला येऊन बसत गेलो. मग एक दिवस न येणं जमेना." सगळ्यांनी पपांकडे बघितलं. पपा म्हणाले, "पुरतं. कृपा देवाची आहे, गोष्ट आपली. मला हे शिकायला सात वर्षं उशीर झाला." कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, मी पाण्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून आपल्याकडे साक्ष विचारत नाहीत. आणि त्याच आठवड्यात त्यांनी तुला पहिलं पत्र लिहिलं.

आता हे सगळं मी का उकरतेय? पपा गेल्यावर मंडळीनं मला सेविका नेमायचं ठरवलं. एकट्या बाईला काम हवं म्हणून असेल, किंवा माझ्या हातचे पाव आवडतात म्हणून. आपली रीत तुला माहीत आहे, तीन रविवार विचारतात, हिच्याबद्दल कुणाच्या मनात काही आहे का? पहिल्या रविवारी कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या रविवारच्या आत मी जिर्गलला निरोप पाठवला, मला नको म्हणून. तो संध्याकाळी बूट दारात काढून आत आला, चहा घेतला. सगळं गाव मला आता एजे म्हणतं, थोरली बहीण झाले सगळ्यांची. म्हणाला, "एजे, पाट तुंबला की मी वरच्या अंगाला जाऊन बघतो. खाली उकरून काही होत नाही. तुमचं वर कुठं अडलंय?" आणि मी तेरा वर्षांत पहिल्यांदा सगळं बोलले. तो रागावला नाही. प्रार्थना करू या असंही म्हणाला नाही. दुसरा कप मागून घेतला, आणि मग म्हणाला, "पण हे मला सांगून काय उपयोग? मी काय जर्मनीत राहतो?"

कोर्नी, पपांना सांगणारी मी होते. त्या शेवटच्या रविवारच्या आदल्या शनिवारी पीठ मळताना मी त्यांना ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली, अगदी सहज बोलता बोलता सांगितल्यासारखी, कारण मला माहीत होतं की पत्र अडलं की तुझं जाणं अडेल, दोन महिने तर दोन महिने. तू मला हवा होतास, आणि तुला अडवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं, गेरहार्टला. एका साक्षीदारावर निवाडा करायचा नाही ही त्यांचीच शिकवण, आणि लेकीचा शब्द म्हणून त्यांनी ती मोडली. पण माझं नाव त्यांनी मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही. शेवटच्या दुपारी म्हणाले, "अगाथा, माझा वाटा मी घेऊन जातो. तुझा तुझ्यापाशी आहे." आणि गेरहार्ट, ज्याला तू तेरा वर्षं रस्ता ओलांडून टाळतोस, त्याला त्या रविवारपासून माहीत आहे. त्याच्याशिवाय ही गोष्ट तू फक्त मलाच सांगू शकत होतास, त्यानं सांगितलं नव्हतं, मग कुणी सांगितलं हे कळायला त्याला कितीसा वेळ लागणार? म्हणून त्यानं मान खाली घातली. युस्टिनानं ईस्टरच्या पत्रात लिहिलंय, की आजारात तिनं त्याला शपथ घालून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कोर्नीला सांगू नकोस. तिकडची अगाथा तेवढी त्याला राहू दे, बाकी सगळं तर इथं आल्यावर गेलंच." तुझ्या मनातून मी उतरू नये म्हणून तुझा भाऊ तुझा शत्रू होऊन राहिला, आणि मी ते राहू दिलं. ती अगाथा आज मी तुझ्याकडून काढून घेतेय. क्षमा मागायची तर ती जन्मभर मागत राहीन, पण त्यासाठी तुला थांबवत नाही. आधीच सगळं पत्रभर थांबवलंय, शेवटपर्यंत भित्रीच राहिले. जून लागायला आता थोडेच दिवस उरलेत. ऊठ, आणि गेरहार्टकडे जा.

तुझीच होते म्हणून तुझा घात केलेली,
अगाथा